आसूढाळ

माळेगावच्या यात्रेत घोडा नुसते दात बघून घेत नाहीत,
अंगावरचे भोवरे वाचून घेतात.
गळ्याला देवमण असला की बोली चढते.
डोळ्याखाली भोवरा, म्हणजे आसूढाळ.
धनी रडणार.

सटवाजी मुदखेड्यांची कुमैत घोडी
चार दिवस बाभळीला बांधलेली होती.
डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा भोवरा.
"हिचं घ्या रगत, मॅडम.
हिला तसं बी कुणी हात लावंना."

मानेची शीर मी अंगठ्यानं दाबली.
अब्बांनी तीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेतले,
मी मानेपर्यंत आले.
नालबंदांच्या घरात एवढीच प्रगती.

बर्फाचा डबा मांडीवर धरून
अहमदपूर, शिरूर ताजबंद, उदगीर.
कंडक्टरनं विचारलं, कुल्फी आहे का?

माणसाच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं विकत मिळतात,
एका कुपीच्या पैशात एक शिंगरू येईल.
ती घोडीच्या रक्तात सोडली, तर
नव्या गावात बदली झालेल्या पोस्टमनसारखी
दारोदार हिंडून
सगळी पत्रं परत घेऊन आली.
सर म्हणाले, मग आपणच करू.

आपणच करू म्हणजे काय, ते सांगते.
घोडीच्या पेशी उंदराला टोचायच्या.
त्याचं अंग चिडतं. तेवढंच हवं असतं.
मग त्याची प्लीहा काढायची.
(नववा उंदीर माझ्या हातात होता.
वहीत त्या दिवशी फक्त तारीख आहे.)
प्लीहेतली पेशी घोडीला ओळखते, पण आठवडाभरही जगत नाही.
गाठीची पेशी कुणालाच ओळखत नाही,
पण मरायचं विसरलेली असते.
दोघींना जोडायचं.
बहुतेक जुळत नाहीत.

एका ताटलीत शहाण्णव खळगे.
शहाण्णव घरं, कूळ कुणालाच नाही.
अशा दहा ताटल्या.
तिसरीला बुरशी आली.
चौथी, पाचवी गेली वीज गेल्यावर,
कारण जनरेटरचं डिझेल कुणीतरी जीपमध्ये ओतलं होतं.
त्याच महिन्यात घरी पाहुणे आले,
म्हणाले, बेटा, जरा चष्मा काढून उभी राहा.
मी काढला.
मग त्यांचा निरोप आला नाही,
आणि मी सहावी ताटली बघायला घेतली.

सातवी. ड ओळ, तिसरा खळगा.
हैदराबादच्या यंत्रावर दोन तास मिळाले होते.
टोलनाक्यावरून गाड्या जाव्यात तशा
पेशी एकेक करून प्रकाशासमोरून जातात,
आणि पडद्यावर ठिपके पडतात.
करडे ठिपके, नुसते करडे,
चहा पिऊन परतले तरी करडेच.
मग त्या गर्दीतून एक पुंजका
हळूहळू उजवीकडे सरकला,
गावाबाहेर नवी वस्ती पडावी तसा,
आणि तिथंच राहिला.
कुमैत घोडीच्या टी-पेशी.
ज्या पहारा देतात, त्या.
त्यांच्या अंगावरची एक खूण आमच्या हाती लागली होती.
मी सरांना फोन लावला, लागला नाही.
मशीनवरचा पोरगा म्हणाला,
मॅडम, खुर्ची सोडा, पुढचं बुकिंग आलंय.

पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा माळेगाव.
बाभळीला दुसरंच खोंड घोडं.
"ती? इकली की.
वस्तऱ्यानं भोवरा काढला, वर काजळ फासलं,
देगलूरच्या बँडवाल्याला दिली.
वरातीत नाचती म्हणं."

मी त्यांना खुणेचं सांगितलं.
जमेल तसं सांगितलं. रक्त, पहारा,
कुठली पेशी कधी जागी होते,
उद्या साथ आली तर कुणाकडं बघायचं.
सटवाजींनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.
"वस्तऱ्यानं निघती का ही?"
नाही.
"चांगली हाय का वाईट?"
तसं काही नसतं, म्हटलं, ती नुसती असते.
"मग बोली कशावर लावायची वं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
घोड्यानं मान झटकली.
मी नवी सुई काढली.